डावीकडची पट्टी

“आयक आता. आवाज कसो येता तो,” बाबा म्हणाले आणि डाव्या हातातली हातोडी त्यांनी ट्रकच्या चासीवर मारली.

ठण्ण असा स्वच्छ आवाज आला आणि लोखंडात थोडा वेळ रेंगाळला.

“ह्या जिता लोखंड. आता तू घी हातोडी. म्हागसून सुरवात कर आणि ईतभर अंतरार एक एक ठोको मार. खय आवाज बसलो, तर खडून खूण कर.”

मी ट्रकच्या पोटाखाली गोणपाटावर उताणी पडले होते. मागची दोन्ही चाकं काढून ठेवली होती आणि धूड लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. वर झावळ्यांचा मांडव, त्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीवर पावसाचा एकसुरी आवाज. त्या आवाजातून लोखंडाचा आवाज वेगळा काढायला मला जरा वेळ लागला. मग कान सरावला. ठण्ण. ठण्ण. एका जागी ठप्प.

“थय,” बाबा बाहेरून म्हणाले. मी सांगायच्या आधीच.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की आमच्या गावात होड्या किनाऱ्यावर ओढतात, आणि मासळीचे ट्रक असे परसात ठोकळ्यांवर चढतात. बाबांनी हयातभर बांगडे आणि सुरमई बर्फात भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला नेली. बर्फ वितळतो, मासळीचं पाणी हौद्याच्या फटींतून गळतं आणि चासीवरून ठिबकत राहतं. मासळीचा ट्रक वरून सडत नाही, खालून सडतो. त्यामुळे दर वर्षी बंदीत गंज खरवडायचा, लाल ऑक्साइड मारायचं, वर काळा रंग, आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला गाडी पुन्हा रस्त्यावर. हे काम बाबा दर वर्षी स्वतः करत. गॅरेजला कधी देत नसत. त्या वर्षी शिमग्यानंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. म्हणून यंदा हात माझे होते आणि बाबा एका उपड्या मासळीच्या पेटीवर बसून सांगत होते.

मी तेव्हा कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. संपवून घरी आले होते आणि एका कॉलेजच्या मुलाखतीच्या पत्राची वाट बघत होते. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसांतलं बरंचसं पुसट झालं आहे, पण त्या ट्रकच्या खालची बाजू मी अजून डोळे मिटून कागदावर काढू शकेन.

ठोके मारत मी डाव्या बाजूला, मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी आले. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणारे पोलादी पट्ट्यांचे थर. ते ज्या जागी चासीला धरलेले असतात, तिथे चासीच्या बाहेरून हातभर लांबीची एक जाड लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती.

“तो भाग सोड,” बाबा म्हणाले. “थय सायमन वेल्डरान पट्टी मारलेली आसा. जाड आसा ती. थय काय होवचा नाय.”

“एक ठोको मारतंय.”

“सोड म्हणतंय ना, सुला. उजवीकडे जा.”

मी उजवीकडे गेले.

*

गंज खरवडायला मला चार-पाच दिवस लागले. छन्नी, तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. लोखंड करडं दिसायला लागलं की बाबा म्हणायचे, “झाला, आता रंग मार.” आणि मी म्हणायची, “नाय, आधी धुवूया.”

आमच्याकडे ट्रक धुवायची एक रीत होती. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गाड्या वहाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, धूत. पण मार्चनंतर वहाळ आटतो. मग सगळे ड्रायव्हर खाडीच्या धक्क्यावर गाडी उलटी नेऊन मागची चाकं पाण्यात घालत आणि बादल्या मारत. बंदीआधीची शेवटची फेरी झाली की सगळ्या गाड्या एकापाठोपाठ अशा धुतल्या जात, नारळ फोडला जाई, आणि मग चासीला खालून जळकं इंजिन ऑइल फासत, गंज लागू नये म्हणून. खाडीचं पाणी त्या दिवसांत जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं. म्हणजे गाडीला आधी मीठ चोळायचं आणि मग ते तेलाखाली झाकून ठेवायचं. हे मला लहानपणापासून दिसत होतं, पण त्याचा अर्थ कोल्हापूरला गेल्यावर लागला.

मीठ राहिलं आहे की नाही हे बघायला माझ्याकडे सिल्व्हर नायट्रेटची एक तपकिरी बाटली होती. माझ्या कॉलेजातल्या मॅडमनी मी निघताना दिली होती. लोखंड धुतलेल्या पाण्यात एक थेंब टाकायचा. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं, नसेल तर तसंच राहतं. आमच्या विहिरीचं पाणीही थोडं मचूळ होतं, म्हणून शेवटचं धुणं मी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने करत होते.

“आये, बघ गो, आंघोळ चालली गाडयेची! ती पण बॅटरीच्या पाण्यान,” दादा म्हणाला. तो धक्क्यावरून होड्यांची इंजिनं खोलून आला होता आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. “आमका आंघोळीक विहिरीचा. गाडयेक दुकानातला.”

“तुका गंज चढलो काय तुका पण घालतंय,” मी म्हटलं.

“माका चढलोच आसा. पाच वर्सां उभो आसंय मी.”

तो हसत म्हणाला, पण पेटीवर बसलेल्या बाबांकडे बघून म्हणाला. आई चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून तशीच थांबली.

दादाचं नाव दिगंबर. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. जड वाहनाचं लायसन्स काढून त्याला पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत बाबांनी त्याला भरलेली गाडी एकदाही चालवू दिली नव्हती. रिकामी गाडी धक्क्यापासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत, बस. आधी तो क्लीनर म्हणून बाबांबरोबर जात असे. मग एक दिवस बाबांनी त्यालाही नको म्हटलं. दुसरा क्लीनरही ठेवला नाही. एकटेच जायचे, एकटेच यायचे. लोक म्हणत, भिकाजी कुबल क्लीनरचा पगार वाचवतो. कुणी म्हणत, त्याला पोराच्या हाताचा भरवसा नाही. दादाने हे धक्क्यावर सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

“बाबा,” तो म्हणाला, “गोव्यासून निरोप इलो. खाणीर टिपर चलवूक माणसां व्हयी आसत. सोमवारी जावन भेटाक सांगलेला आसा.”

बाबांनी कपातला चहा बशीत ओतला.

“तुमी हो म्हणा, मी जायत नाय. नारळी पुनवेक गाडी मी काढतंय. तुमी बाजूक बसा. शिव्ये घाला, काय्यव करा.”

“माझो हात बरो होता,” बाबा म्हणाले. “पुनवेक मीच काढतलंय.”

“ह्या हातान? ह्या हातान तुमी स्टेरिंग धरतलास? घाटात?”

“धरतलंय.”

“आये, बघ तू. बशी धरूक येणा नाय, आणि घाट चढतले.” दादाचा आवाज चढला. “मी काय गाडी खड्ड्यात घालतलंय? एकदा तरी घातलंय? सांगा ना, काय केलंय मी?”

“तू काय करूक नाय.”

“मग?”

बाबांनी बशी खाली ठेवली.

“दिगू, तू हात धू, जेवान घे,” आई म्हणाली.

“नको माका जेवान.” दादा मांडवाबाहेर गेला. जाताना मला म्हणाला, “धू तू. चांगली धू. म्हाताऱ्याक पोरापेक्षा गाडी मोठी.”

मी बाबांकडे बघितलं. ते उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून मिटत होते. मलाही त्या वेळी दादाचंच खरं वाटलं. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याने घाटात गाडी न्यायची आणि धडधाकट मुलाला परमुलखात पाठवायचं, याला हट्ट नाही तर काय म्हणायचं?

*

दुसऱ्या दिवशी मी शेवटची तपासणी करायला घेतली. चासीच्या प्रत्येक भागावरून बॅटरीचं पाणी सोडायचं, खाली काचेच्या छोट्या नळीत धरायचं, एक थेंब टाकायचा. उजवी बाजू स्वच्छ आली. पुढचा भाग स्वच्छ. मधले आडवे पट्टे एकदा दुधाळ आले, पुन्हा धुतल्यावर स्वच्छ आले. माझी बोटं सिल्व्हर नायट्रेटने काळी पडली होती. बाबा माझ्याकडे बघत होते.

“झाला मा?”

“एक जागा रवली.”

डाव्या मागच्या पट्टीखालचं पाणी दुधाळ आलं. मी पुन्हा धुतलं. दुधाळ. विहिरीच्या पाण्याच्या बादल्या मारल्या, मग पुन्हा बॅटरीचं पाणी. दुधाळच, आणि पहिल्यापेक्षा दाट. नळीच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता.

मी हात खाली ठेवला आणि त्या पट्टीकडे नीट बघितलं. तिच्या खालच्या कडेला वेल्डिंगचे टाके होते. दोन टाके उसवलेले होते आणि पट्टी तिथे चासीपासून किंचित फुगून आली होती. नख जाईल एवढी फट. त्या फटीतून पाणी ठिबकत होतं.

“बाबा, मीठ म्हागसून येता.”

“खयसून?”

“पट्टीच्या म्हागसून. वरना कितीव धुतला तरी उपेग नाय. भुतूर पाणी साठलेला आसा.”

“येवंदे. वरना रंग मार. लांबीचो लगदो भरून फट बुजव.”

“लांबी घातली काय मीठ भुतूर रवतला. आणखी खातला.”

“सुला, मी सांगतंय ना.” त्यांचा आवाज मोठा नव्हता. “आरटीओचो पासिंगवालो वरसून बघता. रंग बघता, दिवे बघता, ब्रेक बघता. पट्टी उचलून कोण बघणा नाय.”

मी छन्नी घेतली. ती फटीत टेकवली. दोन पत्र्यांच्या फटीत खारं पाणी अडकलं की काय होतं, ते मला माहीत होतं. बाहेरची हवा आत पोचत नाही. आतलं पाणी हळूहळू आम्ल होतं आणि लोखंड तिथून विरघळत राहतं, बाहेरून रंग तसाच चमकतो. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

“नको,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे मान वळवली. ते पेटीवरून उठले होते आणि वाकून, ट्रकच्या कडेला हात टेकून माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा तसा चेहरा आधी कधी बघितला नव्हता. रागावलेला नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी कागद वाचायला घेतला तेव्हा आईचा झाला होता, तसा होता.

“कित्याक नको?”

त्यांनी छन्नी मागायला डावा हात पुढे केला.

मी हातोडी मारली. तिसऱ्या ठोक्याला उरलेला एक टाका तुटला. मी छन्नी आत सरकवून तिरकी केली, आणि पट्टीची खालची कड चासीपासून सुटून वर उचलली गेली. आतून काळं पाणी माझ्या मनगटावर आलं. त्याच्याबरोबर गंजाच्या पापड्या, एकावर एक थर असलेल्या, पडत राहिल्या. गोणपाटावर त्यांचा ढीग झाला.

मी विजेरी लावून आत बघितलं.

पट्टीमागे चासी जवळजवळ नव्हतीच. पाट्यांच्या ब्रॅकेटच्या भोकापासून एक चीर निघाली होती आणि ती चासीच्या खालच्या काठापर्यंत पोचली होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना लोखंड पत्रावळीइतकं पातळ झालं होतं. मी बोट लावलं तर कड तुटून हातात आली. पट्टीने चासीला आधार दिला होता असं मी समजत होते. खरं म्हणजे त्या जागी पट्टी हीच चासी होती. सगळी मासळी, सगळा बर्फ, एका बाजूचा सगळा भार घाटाच्या प्रत्येक वळणावर त्या हातभर पट्टीवर आणि सायमनच्या टाक्यांवर येत होता.

मी बाहेर सरकले. गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवरच बसले.

“तुमका ठावक होता,” मी म्हटलं.

बाबा परत पेटीवर बसले.

“कधीपासून?”

“तू कोल्हापुराक गेलंस त्या वर्साच्या बंदीत. ह्याच जाग्यार ठोको मारलंय आणि हातोडी भुतूर गेली.”

“मग?”

“चासी बदलूची म्हणजे गाडी अख्खो सीझन उभी. सायमनाक बोलवलंय. तो म्हणालो, भिकाशेट, मी पट्टी मारतंय, पण शपथ नाय घेवचंय. एक-दोन वर्सां काढशात.” ते थांबले. “तुझा पयला वर्स होता. मग दुसरा होता. मग एम.एस्सी. म्हणालंस.”

पाऊस थांबला होता. ताडपत्रीच्या कडेवरून थेंब पडत होते.

“म्हणान माका येष्टीन पाठवत होतास?” मी विचारलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी हट्ट धरला होता, तुम्ही कोल्हापूरला जातच आहात तर मला केबिनमध्ये घ्या. ते म्हणाले होते, मासळीचा वास लागतो कपड्यांना, कॉलेजात पोरी हसतील. पाच वर्षं मी समजत होते की त्यांना माझ्यापुढे आपल्या धंद्याची लाज वाटते. मैत्रिणींनाही मी तसंच सांगितलं होतं.

बाबांनी मान हलवली. होय.

“आणि क्लीनर?”

“दुसऱ्याचा पोर कशाक?”

“आणि समोरसून येयत ते?” मी म्हटलं. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं. “पट्टी घाटात तुटली असती, तर समोरच्या गाडयेतल्यांचा काय?”

त्यांनी जमिनीवरच्या गंजाच्या ढिगाकडे बघितलं.

“मी कडेन चलवतंय,” ते म्हणाले. “डोंगराच्या बाजून.”

मग उठून ते जवळ आले. “सायमनाक बोलवतंय. नवी पट्टी मारूया, ह्याच्यापेक्षा लांब. एक सीझन. तुझी नोकरी लागली काय मी गाडी मोडून टाकतंय. पण दिगूक ह्या कळता नये.”

“दादा सोमवारी गोव्याक जाता.”

“जावंदे.”

“तो समजता तुमचो तेच्यार भरवसो नाय.”

“समजांदे.” आणि मग, अगदी हळू, “ता बरा.”

मी छन्नी खाली ठेवली. मला आठवतं की मी रडत नव्हते. मला फक्त हे स्पष्ट दिसत होतं की ती पट्टी मी परत दाबून बसवू शकणार नाही, आणि ज्या हातांनी मी तिच्यावर रंग मारायचा ते माझे आहेत.

“सायमनाक बोलवा,” मी म्हटलं. “पण दादासमोर बोलवा. मी ह्याच्यार रंग मारूचंय नाय, बाबा.”

*

दादा संध्याकाळच्या आधीच आला. मी त्याला मांडवात बोलावलं. आईही मागोमाग आली, नेहमीसारखी चहाचे कप घेऊन.

“काय ता?” तो म्हणाला. “पाणी संपला बॅटरीचा?”

“खाली बघ. डावीकडे.”

तो गोणपाटावर आडवा झाला आणि आत सरकला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. बाबा पेटीवर मान खाली घालून बसले होते. आत विजेरीचा उजेड हलला, थांबला, पुन्हा हलला. मग दादा बाहेर आला. त्याच्या केसांत गंज होता.

तो इंजिनातला माणूस. त्याला काही सांगावं लागलं नाही.

“किती वर्सां?” त्याने विचारलं.

“पाच,” बाबा म्हणाले.

“लोड कमी घेयत होतास तो ह्याच्यासाठी? एजंट बोंबलत होते, भिकाशेट आळशी झालो...”

“होय.”

“चलवताना वाजा होता?”

“वळणार वाजा. सुरवातीक नाय. मगे वाजाक लागला.”

“आणि तुमका भय वाटणा नसा...” दादाने वाक्य पुरं केलं नाही.

“दर फेरयेक वाटा,” बाबा म्हणाले.

दादा हात झटकत राहिला. हाताला लागलेला गंज निघत नव्हता.

“माका सांगूचा होता. एकदा सांगूचा होता. मी काय लहान होतंय? अर्ध्यो फेरयो मी मारलंय असतंय.”

“म्हणान सांगूक नाय,” बाबा म्हणाले.

दादाने तोंड फिरवलं आणि मांडवाच्या खांबाला हात लावून तो बाहेर माडांकडे बघत उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. मी तिथून उठून जावं असं मला वाटलं, पण आई वाटेत उभी होती.

तिने कप जमिनीवर ठेवले, एकेक करून, कुणाच्याही हातात न देता.

“तुमी गाडी घेवन गेलास काय मी दार लावन निजतंय,” ती बाबांना म्हणाली. “घोव घाटात आसा, माका ठावक. पण म्हणतंय, माणूस जुनो आसा, रस्तो पायाखालचो आसा. पाच वर्सां मी सुखान निजलंय.” तिचा आवाज फाटला. “माका लाज वाटता आता त्या निजेची.”

“कोणतरी निजूक व्हया होता घरात,” बाबा म्हणाले.

“ह्या तुमी ठरवतलास? कोण निजतला, कोण जागतला?”

तिने पदराने तोंड पुसलं आणि तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर बसावं तशी, काढून ठेवलेल्या एका चाकावर बसली. घरात गेली नाही.

चहा निवत होता. शेजारच्या परसातून दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकवर हातोडी पडत असल्याचा आवाज येत होता.

“गाडी मोडूची,” दादा खांबापासून म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं.

“मोडूची,” बाबा म्हणाले.

“सोमवारी मी गोव्याक जायत नाय. उद्या सायमनाक घेवन येतंय. गॅसान कापूया.”

“बरा.” बाबांनी उजवा हात मांडीवर ठेवला. “पण आधी म्हागचे पाटे काढून ठेव. ते चांगले आसत. दोन वर्सांमागे बदललेले.”

“काय करूचे ते?”

“दुसऱ्या गाडयेक होतले.”

“खयच्या दुसऱ्या?”

“तू घेतलंस तर त्या.”

दादा वळला. तो बाबांकडे बघत राहिला आणि बाबांनीही नजर काढून घेतली नाही. किती तरी दिवसांत त्या दोघांनी असं एकमेकांकडे बघितलं नव्हतं. मग दादा खाली वाकला, पान्यांच्या डब्यातून मोठा पाना काढला, गोणपाट ओढून नीट केलं आणि ट्रकखाली सरकला.

“खयसून सुरवात करू?” त्याचा आवाज आतून आला.

“उजवीकडून. डावीकडे हात लावू नको, भार थय येतलो. रॉकेल सोड नटांर आधी. घाई करू नको.”

“खयचो नट? मधलो?”

“मधलो नाय. त्याच्या...” बाबांनी हाताने हवेत दाखवलं. दादाला ते दिसत नव्हतं. बाबा पेटीवरून उठले. एका हाताने हौद्याची कड धरून ते आधी गुडघ्यावर, मग कुशीवर झाले. आई उठायला लागली, पण मी तिचा हात धरला.

“सरक मगे थोडो,” बाबा ट्रकखाली डोकं घालत म्हणाले.

दादा सरकला.